नळ पोचले, आता झऱ्याकडे पाहा

पाण्याच्या प्रश्नावर मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर आणि आपला गोवा यांची नावे शेजारी शेजारी यावीत, असा योग सहसा येत नाही. २०२२ सालच्या पावसाळ्यात तो आला. त्या वर्षीच्या जुलै महिन्यात बऱ्हाणपूर हा ‘हर घर जल’ असे प्रमाणपत्र मिळविणारा देशातील पहिला जिल्हा ठरला; आणि पुढच्याच महिन्यात, १९ ऑगस्ट रोजी पणजीत झालेल्या समारंभात, गोवा हे तसे पहिले राज्य ठरल्याचे जाहीर झाले. एक सातपुड्याच्या पायथ्याचा उन्हाने तापणारा मुलूख, दुसरी पावसाने चिंब होणारी सागरकिनाऱ्याची भूमी. दोहोंना एकच बिरुद मिळाले आणि, आमच्या मते, दोहोंपुढे आज प्रश्नही एकच उभा आहे. म्हणूनच कोकणकिनाऱ्यावर बसून आम्ही आज बऱ्हाणपूरविषयी लिहीत आहोत.

प्रथम यशाची नोंद करावयास हवी, कारण ते यश पोकळ नव्हते. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशनची घोषणा झाली, तेव्हा बऱ्हाणपूर जिल्ह्यातील ३७,२४१ ग्रामीण घरांत नळ होता. म्हणजे शंभरांतील जेमतेम सदतीस घरांत. तीन वर्षांच्या आत, आणि तीही महामारीची वर्षे, जिल्ह्याच्या २५४ गावांतील सर्व १,०१,९०५ घरांत नळ पोचला. प्रत्येक गावाच्या ग्रामसभेने ‘आमच्या गावात पाणी पोचले’ असा ठराव करावयाचा आणि मगच प्रमाणपत्र मिळावयाचे, अशी ही पद्धत. डोक्यावर हंडे घेऊन मैल मैल चालणाऱ्या बाईची पायपीट वाचली, हे यश कोणत्याही पुलाच्या वा धरणाच्या उद्घाटनापेक्षा लहान नाही. ज्यांनी हे काम केले त्यांचे अभिनंदन करण्यात आम्हांस मुळीच संकोच वाटत नाही.

परंतु नळाची तोटी हे पाण्याच्या प्रवासाचे शेवटचे टोक आहे. त्याचे पहिले टोक डोंगरात, नदीत किंवा भूगर्भात असते, आणि तेथे काय शिल्लक आहे याची नोंद त्या प्रमाणपत्रावर नसते. नळ मोजणे सोपे. झरा मोजणे अवघड. शिवाय नळ घरात आला की पाण्याचा वापर वाढतो, हा सर्वत्र येणारा अनुभव आहे. दोन हंड्यांत भागविणारे घर नळ आल्यावर दोन हंड्यांत भागवीत नाही, आणि त्याने तसे भागवावे असे म्हणण्याचा अधिकारही कोणाला नाही. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या ७,५७,८४७ होती आणि एकट्या बऱ्हाणपूर शहराची दोन लाख दहा हजारांवर. ती आज वाढली आहे आणि उद्याही वाढणार. तेव्हा नळ पोचविण्याचे काम जेथे संपले, तेथूनच पाणी टिकविण्याचे काम सुरू होते. दुर्दैवाने आपल्याकडे पहिल्या कामाला समारंभ असतो. दुसऱ्या कामाला साधी तारीखही नसते.

या दुसऱ्या कामाचा विचार करताना बऱ्हाणपुराहून अधिक बोलके उदाहरण आम्हांस भारतात दुसरे दिसत नाही. कारण या शहराला ‘पहिला’ हा मान काही २०२२ साली नव्याने मिळालेला नाही. चार शतकांपूर्वी पाण्याच्या नियोजनात या शहराने जे करून दाखविले, त्याला तोड सापडणे कठीण आहे.

मराठी वाचकाला बऱ्हाणपूर हे नाव परके नाही. इसवी सन १४०० च्या सुमारास खानदेशच्या फारुकी सुलतानांनी तापीच्या उत्तर तीरावर हे नगर वसविले आणि खुलताबादेस ज्यांची समाधी आहे त्या बुऱ्हाणुद्दीन गरीब या सूफी संताचे नाव त्याला दिले. १६०१ साली असीरगड अकबराच्या हाती पडला आणि बऱ्हाणपूर हे मोगलांचे दक्षिणेचे दार बनले. पुरंदरचा तह घडविणारे मिर्झाराजे जयसिंग १६६७ साली याच गावी निवर्तले. संभाजी महाराजांच्या कारकीर्दीच्या प्रारंभीच, १६८१ साली, मराठी फौजांनी येथील बहादुरपुऱ्यावर धाड घातली. पुढे हे शहर पेशव्यांकडे आणि नंतर शिंद्यांकडे आले. आजही येथील बाजारात मराठी सहज कानी पडते आणि जळगाव जिल्ह्यातील रावेरची केळी कोठे संपतात व बऱ्हाणपूरची कोठे सुरू होतात, हे नकाशा पाहिल्यावाचून सांगता येत नाही.

मोगलांच्या काळात या शहरावर मोठा भार होता. राजपुत्रांचे दरबार, हजारोंची छावणी, हत्ती, घोडे, उंट, विणकरांचे पुरे आणि सुरतेहून आग्र्याकडे जाणारे व्यापाऱ्यांचे तांडे, या सर्वांना पाणी हवे होते. तापी पायथ्याशीच वाहत होती हे खरे; पण उन्हाळ्यात तिचा प्रवाह क्षीण होई, आणि शत्रूने वर कोठे पाण्यात विष कालविले तर सारे शहर संकटात सापडेल अशी भीतीही होती असे सांगतात. तेव्हा दक्षिणेचा सुभेदार असलेल्या अब्दुर्रहीम खानखानान याने, ज्याला हिंदी साहित्य रहीम या नावाने ओळखते, नदीकडे पाठ करून डोंगराकडे पाहिले. तबकुतुल अर्ज नावाच्या इराणी भूगर्भतज्ज्ञाने सातपुड्याच्या पायथ्याची पाहणी केली असे परंपरा सांगते. इराणातील ‘कनात’ या पद्धतीवर १६१५ च्या सुमारास जी जलयोजना येथे आकारास आली, ती पुढे कुंडी भांडार किंवा खूनी भांडार या नावाने प्रसिद्ध झाली. इंग्रजांचा वकील सर टॉमस रो त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात बऱ्हाणपुरास येऊन शाहजादा परवेझ याला भेटला होता. म्हणजे ज्या वर्षी इंग्रज या देशात व्यापाराची परवानगी मागत हिंडत होते, त्या वर्षी येथे जमिनीखालून पाणी खेळविले जात होते.

ही योजना चाले कशी? सातपुड्यावर पडलेला पाऊस पायथ्याच्या भरड, सच्छिद्र थरांत मुरतो आणि भूगर्भातून हळूहळू तापीकडे सरकतो. या सरकणाऱ्या पाण्याला वाटेत गाठावयाचे, हे सारे मर्म. त्यासाठी डोंगराच्या अंगाला पाण्याच्या पातळीपर्यंत विहीर खणली. तिच्यातून शहराकडे एक भुयार काढले, आणि त्याला उतार दिला तो जमिनीच्या उतारापेक्षा किंचित कमी. त्यामुळे पाणी कोणत्याही मोटेवाचून, रहाटावाचून, केवळ उताराच्या जोरावर शहराच्या दिशेने वाहत आले. भुयारावर सुमारे वीस वीस मीटरांवर उभ्या विहिरी, म्हणजे कुंड्या, घेतल्या. एकट्या कुंडी भांडारावर अशा शंभराहून अधिक कुंड्या आहेत. खोदकामाची माती त्यांतूनच वर काढली, हवा आणि उजेड त्यांतूनच आत गेला, पुढे गाळही त्यांतूनच निघत राहिला. पावसाचे गढूळ पाणी आत जाऊ नये म्हणून कुंड्यांची तोंडे बांधून जमिनीच्या वर उचलून घेतली. भुयारातील पाणी जाळी करंज नावाच्या हौदात येई आणि तेथून ते शहरात खेळे. अशी आठ भांडारे बांधली गेली. मूल भांडार, सुखा भांडार, चिंताहरण भांडार ही त्यांतील काही नावे. चिंताहरण हे नाव ज्याला सुचले, त्याला पाणीपुरवठ्याचा अर्थ नेमका कळला होता, असेच म्हणावे लागेल. आठांपैकी दोन भांडारे फार पूर्वीच नष्ट झाली. कुंडी भांडारातून मात्र आजही पाणी वाहते, आणि सुमारे ऐंशी फूट खाली उतरून प्रवासी ते पाहून येतात.

आश्चर्य असे की, हे काम एकट्या मोगलांनीच केले नाही. त्याच दशकात, त्यांच्याशी हाडवैर असलेल्या निजामशाहीच्या मलिक अंबराने खडकी येथे, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, नहर-ए-अंबरी बांधली. तिचेही तत्त्व तेच: डोंगरातले मुरलेले पाणी भूमिगत नहरीने उताराने शहरात आणावयाचे. खानखानान आणि मलिक अंबर रणांगणावर एकमेकांसमोर उभे होते. पण पाण्याच्या बाबतीत दोघांची बुद्धी एकाच दिशेने चालली. राज्य टिकवावयाचे असेल तर आधी राजधानीचे पाणी टिकले पाहिजे, एवढे त्या लढवय्यांना उमगले होते.

आम्ही येथे गतवैभवाचे पोवाडे गाण्यासाठी हा इतिहास सांगत नाही. मोगलांची छावणी आणि आजचा लोकशाही जिल्हा यांच्या गरजा सारख्या नव्हेत. दोन लाखांचे शहर चारशे वर्षांपूर्वीच्या भुयारावर चालेल असे कोणी शहाणा म्हणणार नाही. आम्हांस महत्त्वाचा वाटतो तो त्या योजनेतील एक गुण. भुयारात उताराने येणारे पाणी म्हणजे डोंगराने त्या वर्षी दिलेले व्याज. डोंगरात मुरले तेवढेच भुयारात येणार. त्याहून अधिक ओढून काढण्याची सोयच नाही. पाऊस कमी झाला की भुयारातला प्रवाह बारीक होई आणि शहराला ते डोळ्यांनी दिसे. वापरणाऱ्याला मर्यादेची जाणीव करून देणारी ही व्यवस्था होती. बांधकामाला पंधरा वर्षे होतात न होतात तोच १६३० ते १६३२ या काळात गुजरात आणि दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला. सुरत ते बऱ्हाणपूर या वाटेवर पडलेल्या प्रेतांची वर्णने पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाने लिहून ठेवली आहेत. मुमताज महल याच काळात, १६३१ साली, बऱ्हाणपुरात मरण पावली. त्या काळात डोंगरातून उताराने येणाऱ्या पाण्याचे मोल शहराला काय वाटले असेल, हे सांगावयास नको.

विजेचा पंप आणि कूपनलिका आली आणि ही जाणीव संपली. कूपनलिका व्याजावर थांबत नाही. ती मुद्दलाला हात घालते. आज दोनशे फुटांवर पाणी नाही, तर उद्या चारशे. चारशेवर नाही, तर सहाशे. पाणी खाली गेले हे शेवटच्या दिवसापर्यंत वर कोणाला दिसत नाही. वर फक्त पंपाचा आवाज येतो. बऱ्हाणपूर शहरानेही गेली कित्येक दशके आपली तहान मुख्यतः कूपनलिकांवर भागविली. सभोवती केळीची आणि उसाची लागवड वाढली, तीही भूजलावरच. सातपुड्यावरील झाडी विरळ झाली, तसा डोंगराचा पाणी धरून ठेवण्याचा गुण ओसरला. भुयाराच्या भिंतींवर पाण्यातील चुन्याचे थर चढत गेले आणि वाट अरुंद झाली. चारशे वर्षे टिकलेली गोष्ट आमच्या पन्नास वर्षांनी जेरीस आणली. मार्च २०२४ मध्ये कुंडी भांडाराचे नाव युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत दाखल झाले, ही आनंदाची वार्ता आहे. पण वारशाच्या यादीत गेलेली गोष्ट कामातून गेली असे समजण्याचीही आपल्याकडे रीत आहे. जलयोजनेचे जतन म्हणजे तिच्या चिरेबंदीचे जतन नव्हे. ज्या डोंगरातून तिला पाणी येते त्या डोंगराचे जतन. तेवढे झाले नाही तर उद्या प्रवासी ऐंशी फूट खाली उतरतील ते कोरडे भुयार पाहण्यासाठी.

आता भविष्यातील मागणीचा हिशेब मांडू. तो शाळकरी गणिताचा आहे आणि कोणालाही पडताळून पाहता येईल. जलजीवन मिशनने ग्रामीण माणसामागे दररोज ५५ लिटर हे प्रमाण ठरविले आहे. शहरासाठी रूढ प्रमाण १३५ लिटरांचे. २०११ ची लोकसंख्या धरून जिल्ह्यातील प्रत्येक माणसाला, खेड्यातल्या आदिवासी पाड्यासुद्धा, शहराच्या प्रमाणाने १३५ लिटर पाणी द्यावयाचे म्हटले, तरी दिवसाला सुमारे १० कोटी २३ लाख लिटर लागेल. वर्षाला ते ३,७३५ कोटी लिटरांच्या घरात जाते. म्हणजे अब्ज घनफुटांच्या, अर्थात टीएमसीच्या, भाषेत सुमारे १.३ टीएमसी. लोकसंख्या दुप्पट झाली असे मानले तरी २.६ टीएमसी. पुढच्या दोन पिढ्यांची पिण्याची आणि घरवापराची सारी गरज एवढीच आहे.

याच जिल्ह्यात केळीची लागवड वीस हजार हेक्टरांहून अधिक आहे. केळीला वर्षाकाठी कमीत कमी पंधराशे मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर एका हेक्टराला दीड कोटी लिटर होते. ५५ लिटरांच्या प्रमाणाने तेवढ्यात साडेसातशे माणसांची वर्षाची तहान भागते. वीस हजार हेक्टरांना मिळून दहा टीएमसीहून अधिक पाणी लागते. त्यातील काही भाग पाऊस देतो हे खरे. उरलेला जमिनीतून उपसावा लागतो. त्यात यंत्रमागांच्या पेठा आल्या, देशातील पहिली वृत्तपत्र-कागदाची गिरणी जेथे १९५६ साली सुरू झाली ते नेपानगर आले. ज्या कागदावर आमच्यासारख्यांनी पाणीटंचाईचे अग्रलेख छापले, त्या कागदालाही पाणी लागतच होते!

या हिशेबाचा अर्थ काय? पिण्याच्या पाण्याची टंचाई ही बव्हंशी पाण्याची टंचाई नव्हेच. ती क्रम ठरविण्याची टंचाई आहे. एकूण पाण्यात पिण्याचा वाटा लहान असतो, आणि लहान असल्यामुळेच तो कोणाच्या लक्षात राहत नाही. उन्हाळ्यात विहीर आटते तेव्हा शेताचा पंप खोलवरून पाणी ओढू शकतो. ग्रामपंचायतीची उथळ विहीर मात्र प्रथम कोरडी पडते. १९८७ च्या राष्ट्रीय जलनीतीने पिण्याच्या पाण्याला पहिला अग्रक्रम दिला. मध्य प्रदेशाने त्याआधीच, १९८६ साली, पेयजल परिरक्षण अधिनियम करून टंचाईग्रस्त भागात नव्या कूपनलिकांना मनाई करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना दिला. महाराष्ट्राने १९९३ च्या कायद्यात सार्वजनिक पेयजल स्रोतापासून पाचशे मीटरांच्या आत नवी विहीर खणण्यास निर्बंध घातला. कायदे आहेत; पण ते उन्हाळा आला की जागे होतात आणि पहिल्या पावसाबरोबर पुन्हा झोपी जातात. तहान लागल्यावर विहीर खणणे ही म्हण आपण निंदेसाठी वापरतो. तहान लागल्यावर कायदा काढणे हे मात्र आपल्याला प्रशासन वाटते.

यात केळी पिकविणाऱ्या शेतकऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्याचा आमचा हेतू नाही. कापूस आणि डाळी यांनी जे हातात दिले नाही, ते केळीने दिले. स्वस्त वीज सरकारने दिली, पंपाला कर्ज बँकेने दिले, बाजारपेठ व्यापाऱ्याने दिली. पाण्याचा हिशेब तेवढा कोणीच दिला नाही. ठिबक सिंचनाने पाण्याची मोठी बचत होते हे खानदेशाने देशाला शिकविले आहे. पण वाचलेल्या पाण्यावर आणखी एकरभर केळी लावली, तर डोंगराला त्या बचतीचा उपयोग काय? बचत जमिनीत राहिली तरच ती बचत.

मे २०२५ मध्ये या प्रदेशाच्या पाण्याविषयी एक मोठी घटना घडली. १० मे रोजी भोपाळ येथे मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या राज्यांत तापी महापुनर्भरण योजनेचा करार झाला. पावसाळ्यात तापीतून वाहून जाणारे पाणी खारिया गुटीघाट येथे अडवावयाचे आणि दोन्ही तीरांवरील कालव्यांनी सातपुड्याच्या पायथ्याशी नेऊन जमिनीत मुरवावयाचे, अशी ही कल्पना आहे. योजनेतील ३१.१३ टीएमसी पाण्यापैकी ११.७६ मध्य प्रदेशाचे आणि १९.३६ महाराष्ट्राचे. मध्य प्रदेशातील १,२३,०८२ आणि महाराष्ट्रातील २,३४,७०६ हेक्टर क्षेत्राला तिचा लाभ व्हावयाचा आहे. पूर्वी विचारात असलेल्या प्रचंड जलाशयात गावे आणि जंगल बुडणार होते. त्याऐवजी जमिनीच्या पोटातच पाणी साठवावयाचे, हा विचार आम्हांस स्वागतार्ह वाटतो. एका अर्थी चारशे वर्षांपूर्वीच्या त्या इराणी जाणकाराचेच हे सूत्र आहे: पाणी साठविण्याची जागा डोंगराच्या पायथ्याशी आहे.

परंतु करारातील जे आकडे लोकांपुढे ठळकपणे आले, ते हेक्टरांचे आहेत. मुरविलेल्या पाण्यात पिण्याचा हिस्सा किती आणि तो राखणार कोण, हा प्रश्न आजच विचारला पाहिजे. जमिनीत मुरलेल्या पाण्याला कुंपण नसते. अब्जावधी रुपये खर्चून मुरविलेले पाणी, ज्याचा पंप मोठा त्याच्याच शेतात निघणार असेल, तर तो सार्वजनिक पैशाने केलेला खासगी उपसा होईल. आम्ही वर मांडलेल्या हिशेबाने बऱ्हाणपूर जिल्ह्याची दोन पिढ्यांची घरगुती गरज अडीच टीएमसीच्या आसपास आहे. मध्य प्रदेशाच्या हिश्श्याचा तो चौथाही भाग नाही. तेवढा हिस्सा प्रथम कायद्याने वेगळा काढावा, गावोगावच्या पेयजल स्रोतांभोवतीचे क्षेत्र उपशापासून मुक्त ठेवावे आणि मगच हेक्टरांची वाटणी करावी, अशी आमची स्पष्ट सूचना आहे.

हे अशक्य आहे असे कोणी म्हणेल, तर त्याने अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारला जावे. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली त्या गावाने दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडण्याची शिस्त लावून घेतली. आधी माणसांचे आणि गुरांचे पाणी बाजूला काढावयाचे, उरेल त्यावर पिके ठरवावयाची. शेतीसाठी कूपनलिका नको, ऊस-केळीसारखी तहानलेली पिके नकोत, हे त्या गावाने स्वतःच ठरविले. कऱ्हाडजवळच्या मलकापूरने घरोघर मीटर बसवून आणि वापर वाढेल तसा दर वाढवून चोवीस तास पाणी देऊन दाखविले. नळाला चोवीस तास पाणी असले की लोक साठवीत नाहीत आणि ओतूनही देत नाहीत, हा तेथील धडा आहे. बऱ्हाणपूरच्या २५४ गावांच्या ज्या ग्रामसभांनी नळ आल्याचा ठराव केला, त्याच ग्रामसभांनी दरवर्षी पावसाळ्यानंतर ‘आमच्या विहिरीची पातळी इतकी आहे, आमचे पाणी पुढच्या जूनपर्यंत पुरेल’ असा दुसरा ठराव करावा. पहिल्या ठरावाने प्रमाणपत्र मिळाले. या दुसऱ्या ठरावाने पाणी मिळेल. जलजीवन मिशनची मुदत आता २०२८ पर्यंत वाढविण्यात आली आहे. उरलेल्या काळातला पैसा आणि लक्ष नळांपेक्षा स्रोतांकडे वळविले, तर या मुदतवाढीचे सार्थक होईल.

आता आपल्या अंगणाकडे वळू. बऱ्हाणपूरवर जेवढा पाऊस पडतो, त्याच्या तिपटीहून अधिक पाऊस गोव्यावर पडतो. तरीही मे महिन्यात टँकर आपल्या गावांतून फिरतात. गोव्यातील २ लाख ६३ हजार ग्रामीण घरांत नळ आहे, हे प्रमाणपत्र खरे आहे. त्या नळाला एप्रिल-मे महिन्यांत किती तास पाणी येते, हे ज्याचे त्याला माहीत आहे. दक्षिण गोव्याची भिस्त साळावली धरणावर आणि त्यासाठी कुर्डीसारखी गावे बुडाली. उन्हाळ्यात पाणी ओसरले की तिथली देवळे आणि घरांचे चौथरे वर येतात, आणि कुर्डीकर आपल्या बुडालेल्या गावाला भेटावयास जातात. उत्तरेस अस्नोड्याचा प्रकल्प तिळारीच्या कालव्यावर विसंबून. कालव्याला खिंडार पडले की बार्देशच्या तोंडचे पाणी पळते. टंचाईत सोडून दिलेल्या खाणींच्या खंदकांतले पाणी उपसून पुरवठ्यात मिसळण्याची वेळ या राज्यावर आलेली आहे. ज्या खाणींनी आसपासच्या विहिरी आणि झरी आटविल्या, त्यांच्याच खड्ड्यांतून पाणी काढून पुन्हा लोकांना द्यावयाचे, यातला विरोध लपणारा नाही.

म्हादईसाठी आपण लढलो आणि लढत आहोत, ते योग्यच आहे. २०१८ च्या ऑगस्टमध्ये लवादाने गोव्याला २४ टीएमसी, कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी दिले. शेजाऱ्याने पाणी वळवू नये म्हणून आपण न्यायालयाच्या पायऱ्या चढतो. पण आपल्याच गावातली तळी बुजवून तिथे इमारती उभ्या राहतात, कुळागराला पाणी देणाऱ्या झरीवरचा डोंगर कापला जातो, हॉटेले आणि वसाहती कूपनलिकांनी जमीन चाळणीसारखी करतात, तेव्हा आपला आवाज तितका चढत नाही. २००२ साली आपण भूजल नियमन कायदा केला. तो किती वेळा वापरला याचा जाब कोणी विचारीत नाही. आपल्या पूर्वजांच्या गावकरी संस्थांनी बांध, मानशी, तळी यांची निगा शतकानुशतके राखली. वर्षाच्या ठरलेल्या दिवशी बंधारा घालावयाचा आणि ठरलेल्या दिवशी काढावयाचा, ही शिस्त कोणा जिल्हाधिकाऱ्याच्या हुकुमाची नव्हती. ती शिस्त गेली आणि तिच्या जागी आपण फक्त नळ बसविला.

बऱ्हाणपूर आणि गोवा यांनी २०२२ साली जे बिरुद मिळविले, ते त्यांनी टिकवावे अशी आमची इच्छा आहे, आणि म्हणूनच हे परखडपणे लिहावे लागत आहे. पाण्याचे मंत्री बदलतील, योजनांची नावे बदलतील. सातपुड्यात आणि सह्याद्रीत मुरणारे पाणी त्या बदलांची वाट पाहत थांबणार नाही. या पावसाळ्यानंतर दोन्ही ठिकाणच्या सरकारांनी एक साधी गोष्ट करावी. प्रत्येक गावाच्या पेयजल स्रोताची पातळी मोजावी, ती पंचायतीच्या फळ्यावर लोकांना दिसेल अशी लिहावी आणि पुढच्या मे महिन्यात ती पुन्हा मोजावी. या दोन आकड्यांतील अंतर एकदा लोकांच्या डोळ्यांसमोर आले, की काय करावयाचे ते सांगण्यासाठी अग्रलेखाची गरज उरणार नाही.